स्काटलाइट्समध्ये आता कोण वाजवतंय?

नमस्कार मंडळी, आज ऐकता ऐकता एक काम करा, पायाने जमिनीवर एक, दोन, तीन, चार असा ठेका धरा आणि टाळी मात्र पायाबरोबर द्यायची नाही, दोन आकड्यांच्या बरोबर मधे द्यायची. सुरुवातीला हात पायाच्या मागे ओढला जातो, पण एकदा बसलं ना की खांदे आपोआप हलायला लागतात. हाच स्का, जमैकाचं संगीत! ती मधली टाळी गिटार आणि पियानो वाजवतात, खाली बेस एकसारखा चालत असतो, आणि वर सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन मोकळे सुटलेले. रेगे आपल्याला माहितीये, पण तो पुढे याच्यातूनच निघाला.

जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झालं आणि दोनच वर्षांनी, १९६४ च्या जूनमध्ये, किंग्स्टनला स्काटलाइट्स नावाचा बँड उभा राहिला. टॉमी मॅकूक, रोलंड अल्फान्सो, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग, लॉईड ब्रेव्हेट, लॉईड निब, आणि पियानोवर जॅकी मिटू, जेमतेम सोळा वर्षांचा पोरगा. यातले बरेच जण अल्फा बॉइज स्कूलचे, म्हणजे कॅथलिक नन्सनी चालवलेली शाळा, गरीब घरची, कुणी नसलेली मुलं तिथे यायची आणि बँडमध्ये वाद्य शिकायची. सिस्टर इग्नेशियस म्हणून एक नन होत्या, त्यांनी या मुलांना जीव लावला, संगीताचं वेड लावलं. मला तर वाटतं या सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोठं नाव त्यांचंच.

आता खरा मुद्दा. आजही हा बँड फिरतो आणि लोक म्हणतात, अहो त्यात मूळचा एकही वादक उरला नाही, मग हे स्काटलाइट्स कसले? मला हे अजिबात पटत नाही. कारण ही मंडळी मुळात स्टुडिओत वाजवणारी. आज रेकॉर्ड काढणाऱ्या कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनमध्ये, उद्या त्याचाच प्रतिस्पर्धी ड्यूक रीडकडे, गिटारवर कधी जा जेरी तर कधी अर्नेस्ट रँगलिन, जो हजर तो वाजवणार, आणि रेकॉर्डवर नाव गायकाचं. बॉब मार्लीच्या वेलर्सचं पहिलं हिट 'सिमर डाऊन', त्याच्या मागेही हेच लोक. माणसं येणं-जाणं हे या बँडच्या रक्तातच आहे.

तो पहिला बँड टिकला जेमतेम चौदा महिने. १९६५ च्या नववर्षाच्या रात्री डॉन ड्रमंडने त्याच्यासोबत राहणाऱ्या अनिता महफूदचा, म्हणजे मार्गारिटा या नावाने गाजलेल्या डान्सरचा खून केला. त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९६९ मध्ये तो तिथेच गेला. त्याच्या ट्रॉम्बोनवर लोक तासन् तास बोलतात आणि तिचं नाव एका वाक्यात उरकतात, हे मला फार लागतं, ती स्वतः किंग्स्टनच्या स्टेजवरची नावाजलेली कलाकार होती.

ऑगस्ट १९६५ मध्ये बँड मोडला, अर्धे अल्फान्सोबरोबर, अर्धे मॅकूकबरोबर. आणि बघा, इंग्लंडमध्ये त्यांचं 'गन्स ऑफ नॅव्हरोन' चार्टवर चढलं १९६७ मध्ये, बँडच अस्तित्वात नसताना!

१९८३ मध्ये रेगे सनस्प्लॅश फेस्टिव्हलला उरलेले जुने वादक परत एकत्र आले आणि मग जगभर फिरले. १९९८ मध्ये मॅकूक गेला, त्याच वर्षी अल्फान्सो हॉलिवूडमध्ये स्टेजवर वाजवतानाच कोसळला आणि नंतर काही दिवसांत गेला. तरी बँड थांबला नाही, कारण ड्रमवर लॉईड निब बसलेला होता. त्याचं वाजवणं नीट ऐका, स्नेअर ड्रमच्या कडेवर बसणारा तो कोरडा, टणक फटका, आणि त्याच्या मधे मधे जमैकातल्या बुरू ढोलांची चाल डोकावते. हे कुठल्या नोटेशनमध्ये लिहून घेता येत नाही, शेजारी उभं राहून, रात्रीमागून रात्री ऐकूनच अंगात मुरतं. केन स्टुअर्ट हा अमेरिकन कीबोर्डवाला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आला आणि वर्षानुवर्षं निबसोबत वाजवत राहिला, आता बँडचा कारभारही तोच बघतो. २०११ मध्ये ऐंशी वर्षांचा निब गेला, मग ड्रमवर ट्रेव्हर 'स्पॅरो' थॉम्पसन आला. लेस्टर स्टर्लिंग २०२३ मध्ये गेला. आपल्याकडे गुरूसमोर बसून जे शिकतात तेच हे, फरक इतकाच की इथे शिकणारा पहिल्या दिवसापासून स्टेजवर असतो, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर.

तर आपले जे श्रोते युरोप-अमेरिकेत आहेत, त्यांच्या गावात शो लागला तर पोस्टरवरची नावं शोधत बसू नका, सरळ जा. आणि आता लावतोय १९६४ चं एक रेकॉर्डिंग, ट्रॉम्बोन सगळ्यांनाच ऐकू येईल, तुम्ही मात्र निबच्या त्या फटक्यावर कान ठेवा.