कान पाण्याला लावून

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुम्हाला फार दूर नेणार आहे. कॅनडाचा पश्चिम किनारा, ब्रिटिश कोलंबिया प्रांत. नकाशात व्हँकुव्हर शोधा आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं बोट वर वर सरकवत अलास्काच्या हद्दीपर्यंत न्या. शेकडो बेटं लागतील, डोंगराच्या पोटात शिरलेल्या खाड्या लागतील, आणि मोटारीचा रस्ता मात्र क्वचितच लागेल. या किनाऱ्याच्या जंगलाला ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट म्हणतात, मोठ्या अस्वलांचं पर्जन्यवन. क्षेत्रफळ सुमारे ६४,००० चौरस किलोमीटर. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचं आपलं अख्खं कोकण उचलून तिथं ठेवलं, तरी असं दुसरंही कोकण शेजारी मावेल.

पावसाचं आपल्याला काय सांगायचं? आपण आंबोलीचा पाऊस पाहिलेली माणसं. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथला बारमाही. लाल सीडरची झाडं हजार हजार वर्षांची, खोडांवर शेवाळाच्या गोधड्या. या जंगलासाठी पुष्कळ वर्षं भांडणं झाली. शेवटी २०१६ साली तिथले २६ आदिवासी समाज, प्रांताचं सरकार, लाकूडकंपन्या आणि पर्यावरणवाले यांच्यात करार झाला, आणि ८५ टक्के जंगल व्यापारी तोडीतून सुटलं. हे कोणी दान दिलेलं नाही. तिथल्या माणसांनी ते मिळवलं आहे, आणि ते मिळवलेलं आहे हे ती माणसं पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगतात. मला ते फार आवडलं.

माझी लेक व्हँकुव्हरला असते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात तिनं मला या सफरीला नेलं. दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका, आठ दिवस. प्रवासी आठ आणि नौका चालवणारी माणसं चार. पुन्हा सांगते, प्रवासी फक्त आठ. या आकड्याला महत्त्व आहे. आठ माणसं एका रबरी होडीत मावतात. लहानशा खाडीत नांगर टाकता येतो. आणि आठ माणसं एकाच वेळी गप्प बसू शकतात. ऐंशी बसू शकत नाहीत. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, हे मी खात्रीनं सांगते.

शिडाची नौका म्हटलं म्हणून सदासर्वदा वाऱ्यावर चाललो असं समजू नका. डोंगरांच्या आडोशाला वारा पडतो, मग इंजिनच लावावं लागतं. मोकळं पाणी आलं की शीड चढायचं. दोर ओढायला आम्हालाही हात लावू देत. शीड भरलं आणि इंजिन बंद झालं की नौका जरा कलते, आणि पाण्याचा आवाज एकदम जवळ येतो. तो क्षण मला रोज हवा असायचा.

तिथली भरती-ओहोटी जबर. प्रिन्स रूपर्ट बंदरात उधाणाला पाणी सात मीटरच्या आसपास चढतं आणि उतरतं. सकाळी जिथून होडी आत नेली, तिथं दुपारी चिखल आणि दगड. कप्तानबाई रोज तक्ता बघून दिवस आखायच्या. मला आमच्या हर्णैच्या आजोबांचा हिशेब आठवला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता भरती. बस्स. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तिथं चालत नाही. पण किनाऱ्यावरच्या आपल्या शाळांत तो आज शिकवला जातो का? माझ्या शाळेत मी दरवर्षी शिकवत असे. समुद्रापासून दोन मैलांवर राहणाऱ्या मुलाला भरती कधी आहे हे मोबाईल न बघता सांगता आलं पाहिजे. असो. अस्वलांकडे येते.

अस्वलं दोन प्रकारची. एक ग्रिझली, खांद्यावर मांसल उंचवटा असलेलं. दुसरं काळं अस्वल. आणि या काळ्या अस्वलांतच काही पांढरी जन्मतात. लक्षात ठेवा, ती बर्फातली ध्रुवीय अस्वलं नव्हेत, आणि कोड आलेलीही नव्हेत. काळ्याच जातीची, फक्त आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून तो गुण आला तर पिल्लू पांढरं होतं. आईबाप दोघंही काळेकुळकुळीत असू शकतात. ग्रिबेल आणि प्रिन्सेस रॉयल या बेटांवर ती जास्त दिसतात. तिथले लोक त्याला मोक्सगमोल म्हणतात. फरसाठी शिकार करणारे व्यापारी यायचे त्या काळात या अस्वलाबद्दल परक्यांपुढे अवाक्षर काढायचं नाही, असा तिथल्या वडीलधाऱ्यांचा दंडक होता. माणसांनी तोंड बंद ठेवलं म्हणून ते प्राणी राहिले.

ग्रिबेलच्या ओढ्याकाठी लाकडी मचाणावर आम्ही सात तास बसलो. पावसात. पाण्यात सामन मासे दाटलेले, अंडी घालायला समुद्रातून वर आलेले. काळं अस्वल आलं, मासा धरला आणि झाडीत घेऊन गेलं. या एका कृतीवर ते जंगल उभं आहे. अस्वल माशाचा मऊ, चरबीचा भाग खातं, उरलेला तिथंच टाकतं. तो कुजतो आणि झाडाला खत होतो. टॉम राइमकेन नावाच्या शास्त्रज्ञांनी झाडांच्या खोडांत समुद्रातून आलेलं नायट्रोजन शोधून दाखवलं आहे. आपल्याकडे नारळाच्या मुळाशी कुटा घालतात, तेच काम तिथं अस्वल करतं. आणि सातव्या तासाला पांढरं अस्वल आलं. ओल्या फडक्यासारखा पिवळट रंग. अकरा मिनिटं थांबलं, दोन मासे धरले, गेलं. आमच्यातला एकही माणूस बोलला नाही.

आता ज्यासाठी मी आज तुमच्यापुढे बसले आहे, ते सांगते.

चौथा दिवस. गिल नावाच्या बेटाजवळ, मोठ्या जहाजांच्या वाटेपासून बाजूला, एका कोनाड्यात आमचा नांगर पडला होता. पहाटे डेकवर आले तर जग नाहीसं. धुकं असं, की नाळेवर उभी असलेली लेक मला मागून दिसेना. समोरच्या किनाऱ्यावर हार्टली बे नावाचं छोटं गाव आहे. रस्ते नाहीत, लाकडी फळ्यांच्या वाटा. तिथली गिटगाट समाजाची एक तरुण मुलगी वाटाडी म्हणून आमच्याबरोबर होती. तिनं सांगितलं, २००६ च्या मार्चमध्ये याच पाण्यात मध्यरात्री एक मोठी फेरीबोट बुडाली. १०१ माणसं होती. गावच्या लोकांनी आपापल्या होड्या अंधारात लोटल्या आणि माणसं वाचवायला धावले. ९९ वाचली. दोघं सापडली नाहीत. हे तिनं हळू आवाजात सांगितलं आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

तेवढ्यात कप्तानबाईंनी एक काळी केबल पाण्यात सोडली. टोकाला पाण्याखालचा मायक्रोफोन, हायड्रोफोन. वरच्या टोकाला छोटा स्पीकर, आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरएवढा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही आठ जण त्या स्पीकरभोवती बसलो, जशी पूर्वी आळीतली माणसं रेडिओभोवती बसत.

आणि मला आजोबा दिसले, श्रोतेहो. माझे आजोबा होडी थांबवून वल्हं पाण्यात उभं धरायचे आणि त्याच्या मुठीला कान लावायचे. घोळ मासा बोलतो. पोटातून घुर्र घुर्र करतो. तो आवाज पाण्यातून लाकडात, लाकडातून कानात. मग आजोबा हात करून दिशा दाखवायचे आणि जाळं पडायचं. मी लहानपणी एकदा कान लावला होता, मला काही ऐकू आलं नव्हतं. ते म्हणाले होते, "बये, आधी तुझा श्वास थांबव." आता एलईडीचे दिवे पाण्यावर पाजळून लहानमोठे सगळे मासे उपसतात. बंदी असून उपसतात. त्याबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

तर स्पीकर. सुरुवातीला नुसती खुळखुळ. मग दुरून पिठाची चक्की सुरू व्हावी तशी घरघर. वाढत गेली. कप्तानबाईंनी पडद्यावर दाखवलं, एक मालवाहू जहाज, आमच्यापासून दहाएक किलोमीटरवर. हवेत त्याचा आवाज शून्य. पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो आणि लांब जातो. पुन्हा सांगते, वर काही नाही आणि पाण्यात चक्की चाललेली. चाळीस मिनिटं तेवढंच ऐकलं. देवमासे आवाजावर जगतात. त्या चाळीस मिनिटांत त्यांनी एकमेकांना कशी हाक मारायची?

जहाज गेलं. स्पीकर शांत. धुक्यात कुठंतरी श्वास ऐकू आला, फूऽऽस, मोठ्ठा. मग दुसरा. आणि आमच्यावरून वास गेला. सुकटीच्या गोणीचं तोंड उघडावं तसा वास. परदेशी पाहुण्यांनी नाकं धरली, मला माजघर आठवलं.

मग स्पीकरमधून एक सूर आला. लांब, एकसंध. कोकण रेल्वेचा भोंगा रात्री बोगद्यातून येतो ना, तसा. चढत गेला, चढत गेला. वाटाडी मुलीनं एक हात वर केला आणि बोटं हळूहळू मिटायला सुरुवात केली. सूर आणखी चढला. आणि तुटला. एकदम. तिची मूठ मिटली.

धुकं तेवढ्यात थोडं विरळ झालं होतं. शंभरेक मीटरवर पाण्यावर बुडबुड्यांचं कडं उठलं, पेजेला उकळी फुटते तसं, पूर्ण गोल. त्या गोलाच्या मधोमध पाणी चांदीचं झालं. हेरिंग मासे उड्या मारत होते. आणि मग सहा जबडे एकदम वर आले. सहा! आ वासलेले, गळ्याच्या चुण्या नऊवारीच्या निऱ्यांसारख्या उलगडलेल्या. हे हम्पबॅक देवमासे. एक जण खालून गोल फिरत बुडबुडे सोडतो, त्याचं जाळं होतं. एक जण सूर लावतो, मासे घाबरून गोळा होतात. सूर थांबला की सगळ्यांनी उसळायचं. जाळं आहे, तांडेल आहे, खलाशी आहेत. आमच्या बंदरावर रापण ओढताना जशी हाक असते, तशी हाकही आहे.

लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी वळ दिसत होते. त्या सकाळी हे नऊ वेळा झालं. आम्ही नांगर उचलला नाही, जवळ गेलो नाही. दर वेळी आधी सूर, मग तुटणं, मग कडं. चौथ्या वेळेपासून मी डोळे मिटूनच बसले.

याच किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटावरच्या कोल हार्बरला, देवमासे कापण्याचा शेवटचा कारखाना होता. तो १९६७ साली बंद झाला. मी तेव्हा दुसरीत होते. माझ्याच हयातीत ते संपत आले होते आणि माझ्याच हयातीत परतले. हिवाळ्यात हवाई बेटांकडे जातात, उन्हाळ्यात इथं खायला येतात.

जायचं असेल तर सप्टेंबर धरा, सामन तेव्हा ओढ्यांत असतात. रबरी बूट आणि पावसाचा चांगला कोट घ्या, छत्री नको. पैसे पुष्कळ लागतात, हे खरं आहे. लेकीनं तीन वर्षं साठवले होते.

त्या सकाळचा आवाज तिनं टिपून ठेवला आहे. वेळ थोडा उरला आहे, तेवढा तुम्हाला ऐकवते. रेडिओचा आवाज जरा वाढवा, पंखा बंद करा. आधी नुसतं पाणी ऐकू येईल, घाई करू नका. मग सूर येईल.

ऐका.