पावसात उघडलेली वजाबाकी

नमस्कार मंडळी. आज विषय आहे वर्गात मुलं किती असावीत आणि त्याने गणितात काय फरक पडतो. पण आधी पावसाचं सांगते, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

परळच्या बाजूला मी तिसरीला शिकवायचे, वर्गात 58 पोरं. जुलै महिना, हिंदमाताला पाणी तुंबलेलं, गाड्या बंद, आणि आली फक्त 11 मुलं, तीही जवळच्या चाळीतली म्हणून. खिडकीकडचे बाक गळत होते म्हणून सगळ्यांना माझ्या टेबलाभोवती गोळा केलं आणि वजाबाकी दिली, 52 वजा 38. एकाने, त्याला आपण बंड्या म्हणू, लिहिलं 26. परत ऐका, 26. त्याचं रोज असंच यायचं आणि मी रोज लाल फुली मारून पुढची वही ओढायचे, 58 वह्या म्हटल्यावर दुसरं काय करणार. त्या दिवशी वेळ होता. म्हटलं, कसं केलंस सांग बघू. तर म्हणतो, "बाई, दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन घालवले." अगदी शांतपणे! याची आई भाजी विकायची, हा संध्याकाळी तिच्या जोडीला. म्हटलं, गिऱ्हाईकाने 52 रुपये दिले, भाजी 38 ची, परत किती देशील? "चौदा." पटकन. मग हे 26 कुठून आले रे? "ते वहीतलं आहे, बाई."

काय बोलणार! मग दहाच्या पाच नोटा आणि सुटे दोन असं मांडलं, एक नोट मोडली, दोनाचे बारा झाले. झाला की हातचा. दहा मिनिटं लागली फक्त.

आता थोडं अभ्यासाचं. अमेरिकेत टेनेसीमध्ये 1985 पासून चार वर्षं प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं वाटली, काही वर्ग 13 ते 17 चे, काही 22 ते 25 चे. छोट्या वर्गातली पोरं वाचनात आणि गणितात पुढे गेली, गरीब घरातल्यांना फायदा जास्त. मोठ्या वर्गात मदतनीस दिला तर मात्र फार फरक नाही. परत सांगते, मदतनीस देऊन भागत नाही. कॅलिफोर्नियाने 1996 ला घाईघाईत वर्ग 20 वर आणले तर शिकवायला तयार शिक्षकच पुरेनात. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक आहे, पण ती मोजणी अख्ख्या शाळेची, एकेका वर्गाची नाही.

आणि 2019 ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढी आरडाओरड झाली! माझं मत विचाराल तर पोरांना सोपं जातंय ना, म्हणू देत की. तेवढा आवाज बाक किती आणि पोरं किती यावर कुणी केला नाही.

असो. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, गाड्या सुरू, वर्ग भरला, बंड्या परत मागच्या बाकावर. बाकीच्या 47 जणांचं 'वहीतलं' काय होतं ते विचारायला तसा पाऊस त्या वर्षी पुन्हा काही पडला नाही.