नुसता कागद हातात आला म्हणजे जमीन पक्की होत नाही

नमस्कार मंडळी. आज जमिनीच्या हक्काबद्दल बोलायचंय, पण सुरुवात शेतापासून नाही, एका घरापासून करते.

पेरूमध्ये शहरांच्या कडेला लाखो कुटुंबांनी मोकळ्या जागेवर घरं बांधली होती, वर्षानुवर्षं तिथंच राहत होती, पोरंबाळं तिथंच मोठी झाली, पण जागा आपली आहे असं सांगणारा कागद कुणाकडेच नाही. मग व्हायचं काय, तर घरातलं कुणीतरी एक जण कायम घरी थांबायचं. दार बंद दिसलं आणि कुणी येऊन ठाण मांडून बसलं तर? या भीतीपायी एक धडधाकट माणूस कामावर न जाता राखण करत बसायचा. 1996 पासून पुढच्या काही वर्षांत तिथल्या सरकारने साधारण 12 लाख घरांना मालकीचे कागद दिले, आणि एरिका फील्ड या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की कागद मिळालेल्या घरातली माणसं बाहेर जास्त तास काम करायला लागली. कागदावर बँक कर्ज देईल, धंदा वाढेल, अशी मोठी आशा तेव्हा लोकांना होती, ते तितकंसं झालं नाही. पण राखण सुटली. मला विचाराल तर हीच मोठी गोष्ट आहे, कारण जमीन पक्की असणं म्हणजे दुसरं काय, तर रात्री निवांत झोप लागणं.

2020 मध्ये प्रिंडेक्स नावाचा एक सर्व्हे आला होता, 140 देशांचा. त्यात जवळपास शंभर कोटी माणसांना असं वाटत होतं की येत्या काही वर्षांत आपलं घर किंवा जमीन आपल्या मनाविरुद्ध हातातून जाऊ शकते. म्हणजे दर पाच मोठ्या माणसांमागे एक.

मग लोक म्हणतात, सोपं आहे ना, मोजणी करा, कागद वाटा, विषय संपला. तर तिथंच गडबड आहे. कागद काय कुणीही छापेल हो, पण तो कागद खरा आहे असं म्हणणारी माणसं आजूबाजूला लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हक्क बांधावर ठरतो, ऑफिसात त्याची फक्त नोंद होते. जिथं हे उलटं झालं तिथं गरिबाचं नुकसानच झालंय. हे नीट समजावून सांगते.

इथिओपियात तिग्राय भागात 1998 च्या सुमारास शेतजमिनीची नोंदणी सुरू झाली. सॅटेलाइट नाही, भारी मशीन नाही, मोजायला दोरी. आणि कागदावर नकाशा पण नाही बरं का! नकाशाच्या जागी चार बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, की झाली हद्द. ऐकायला कच्चं वाटतं, पण विचार करा, उद्या भांडण झालं तर साक्ष द्यायला चार माणसं कागदातच बसलीयेत. पुढे दुसऱ्या भागांतही हे काम पसरलं आणि एका तुकड्याचा खर्च साधारण एक डॉलर आला. एक डॉलर! जगात जमीन नोंदवायचं काम पैशांअभावी अडलंय असं कुणी म्हणालं की मला ही दोरी आठवते.

पण तिग्रायमध्ये एक चूक झाली, कागदावर नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, आणि नवरा-बायको दोघं असतील तिथं प्रमुख म्हणजे नवरा. अम्हारा भागात नंतर काम झालं तेव्हा हे सुधारलं, तिथं जमिनीच्या हक्काचं जे पुस्तक मिळतं त्यात नवरा आणि बायको दोघांचीही नावं आणि दोघांचेही फोटो. आता हे फोटोचं वरवर साधं वाटेल, पण ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही त्या पुस्तकात आपला चेहरा दिसतो ना. नवरा गेला आणि दीर दारात येऊन म्हणाला की चल निघ, तर तिला कायदा पाठ असायची गरज नाही, पुस्तक उघडून समोर धरलं की झालं.

आता रवांडा. छोटा देश, दाट वस्ती, तुकडे इतके लहान की बांध इकडचा तिकडे झाला तरी घरात चूल पेटायची पंचाईत. तिथं 2009 ते 2013 या काळात सगळ्या देशाची नोंदणी झाली, एक कोटीहून जास्त तुकडे. कसं केलं ते बघण्यासारखं आहे. विमानातून काढलेले फोटो मोठ्या कागदावर छापले, त्यात झाडं, पायवाटा, घरांची छपरं सगळं दिसतंय. गावातल्याच लोकांना थोडं ट्रेनिंग दिलं. मग शेताचा मालक, शेजारचा मालक, दोघंही बांधावर हजर, पाय टाकत हद्दीवरून चालायचं, आणि दोघांनी हो म्हटलं की त्या फोटोवर पेनने रेघ. जिथं एक हो म्हणाला आणि दुसरा नाही, तिथं वाद म्हणून वेगळी नोंद, आणि तो विषय गावच्या मध्यस्थांकडे, ज्यांना तिथं अबुंझी म्हणतात. इंच इंच अचूक मोजत बसले असते तर पन्नास वर्षं लागली असती. रेघ जरा जाड आली तरी चालेल पण ती सगळ्यांसमोर ओढलेली पाहिजे, हा हिशोब मला फार पटतो.

सुरुवातीच्या काही भागांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की नोंदणीनंतर लोक जमिनीची धूप थांबवायला जास्त मेहनत घ्यायला लागले, आणि ज्या घरात बाई प्रमुख आहे तिथं हे आणखी जास्त. साहजिक आहे, उद्या काढून घेतील असं वाटत असेल तर आज बांध कोण घालणार. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही निघाली, कायदेशीर लग्न झालेल्या बायकांचा हक्क घट्ट झाला आणि ज्या नुसत्या सोबत राहत होत्या, लग्नाची सरकारी नोंद नव्हती, त्यांचा उलट कमी झाला. वीस वर्षं त्याच शेतात राबलेली बाई असली तरी यादीत ती नाही. म्हणजे नोंद करताना प्रश्न कसा विचारला, ‘मालक कोण’ विचारलं की ‘इथं कोण कोण कसतं, कोण राहतं’ विचारलं, यावर एका बाईचं पुढचं आयुष्य ठरतं.

आणि नोंद एकदा केली की संपत नाही, हे बहुतेक जण विसरतात. बाप गेला, चार पोरांनी वाटण्या केल्या, एकाने हिस्सा विकला, हे सगळं परत नोंदवायला हवं ना, फेरफार लागला पाहिजे. रवांडात तुकडा मोठा असो की छोटा, फेरफाराची फी सरसकट सारखीच होती, मग छोट्या तुकड्याला ती परवडेना, आणि लोक आपापसात तोंडी व्यवहार करायला लागले. करोडो रुपयांचं रेकॉर्ड असं हळूहळू शिळं होतं. कुठल्याही देशात कुणी अशा कामाला मदत करत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की दहा वर्षांनी फेरफार लावायला माणूस किती लांब जाईल आणि किती पैसे मोजेल.

हे झालं एकेकट्याच्या जमिनीचं. कुरण, जंगल, नदीकाठ, जिथं सगळ्यांचीच वहिवाट असते, तिथलं काय? मोझांबिकने 1997 च्या कायद्यात मोठं काम केलं. परंपरेने वापरत असलेली जमीन, किंवा दहा वर्षं प्रामाणिकपणे कसलेली जमीन, हिचा हक्क कागद नसला तरी मान्य, आणि शेजाऱ्याची तोंडी साक्ष हा पुरावा. गावाची हद्द ठरवताना नकाशे गावकरीच काढतात, पुरुषांचा एक गट, बायकांचा वेगळा गट, आणि मग नकाशे एकमेकांशी ताडून बघायचे. सरपण कुठून येतं, पाणी कुठलं, हे बायकांच्या नकाशात येतंच.

असा हक्क मानला नाही, रिकामी दिसणारी जमीन सरकारची समजली, की मग मादागास्करसारखं होतं. 2008 मध्ये बातमी आली की एका कोरियन कंपनीला तिथली 13 लाख हेक्टर जमीन 99 वर्षांसाठी मिळणार. लोक प्रचंड चिडले, 2009 मध्ये सरकार कोसळलं त्यात हा राग पण होता, आणि नव्या सरकारने तो करार रद्द केला. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्नसुरक्षा समितीने जमीन, मासेमारी आणि जंगल यांच्या हक्कांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यात कागद नसलेल्या पारंपरिक हक्कालाही मान दिलाय. पण ती ऐच्छिक आहेत, सक्ती नाही.

शेवटी कंबोडियाचं सांगते, कारण मला ते विसरता येत नाही. तिथं 2002 पासून जागतिक बँकेच्या मदतीने नोंदणी सुरू होती, दहा लाखांहून जास्त कागद वाटले गेले, आकडे एकदम छान. पण राजधानी नॉम पेन्हमध्ये बोएंग काक नावाचं तळं होतं, काठावर चार हजारांच्या आसपास कुटुंबं. जमिनीला भाव आलेला, म्हणजे कागदाची सगळ्यात जास्त गरज इथंच. आणि नेमका हाच भाग नोंदणीतून वगळला. कुणी बांधावर आलं नाही, कुणी शेजाऱ्याला विचारलं नाही. 2007 मध्ये ती जागा एका खाजगी कंपनीला 99 वर्षांच्या भाड्याने दिली आणि 2008 मध्ये तळ्यात वाळू ओतायला सुरुवात झाली, घरांत पाणी आणि चिखल शिरला, एकेक कुटुंब मिळेल ती भरपाई घेऊन निघून गेलं. ज्या राहिल्या त्या बहुतेक बायका, त्या रस्त्यावर उतरल्या, मार खाल्ला, काही जेलमध्ये गेल्या. त्यांनी जागतिक बँकेकडेच तक्रार नेली, आणि ऑगस्ट 2011 मध्ये बँकेने जाहीर केलं की या कुटुंबांचा प्रश्न सुटेपर्यंत कंबोडियाला नवीन कर्ज नाही. त्याच महिन्यात सरकारने उरलेल्या कुटुंबांसाठी 12.44 हेक्टर जागा सोडली. तोपर्यंत बाकीचे हजारो लोक तिथून गेलेले होते, आणि तळ्याच्या जागी वाळूचं मैदान झालं होतं.