दुधाच्या पिशवीपासून सुरुवात

श्रोतेहो, नमस्कार.

मी सायकल चालवते म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, "रोज किती किलोमीटर होतात?" नव्या माणसाचं घोडं नेमकं याच प्रश्नापाशी अडतं. पहिल्या दिवशी हौसेनं दहा किलोमीटर होतात, चौथ्या दिवशी मांड्या भरून येतात, पाचव्या दिवशी घरी पाहुणे असतात आणि सायकल परत जिन्याखाली जाते. माझं दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा मात्र टिकलं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि ते टिकलं दुधाच्या पिशवीमुळे.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दूध घरपोच यायचं. ते मी बंद केलं आणि रोज सकाळी सायकलवर जाऊन आणायला लागले. जाऊन-येऊन दोन-अडीच किलोमीटर, पंधरा मिनिटांचं काम. पण घरात चहा व्हायचा तर मला बाहेर पडावंच लागायचं. आज जाऊ की नको, हा विचारच उरला नाही. म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं हेच आहे की सायकलीला आधी एक काम लावून द्या. दळण असेल, मंडईतली भाजी असेल, सिद्धेश्वराचं दर्शन असेल, नातवाला शाळेत सोडणं असेल. दोन-तीन किलोमीटरच्या आतलं, तुम्हाला तसंही करावं लागणारं काम. महिनाभर तेवढंच करा. पायांना सवय होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरच्यांना सवय होते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सहा दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आणि रविवारी एक तास, इतक्यात तो हिशेब पुरा होतो. रक्तदाब, साखर किंवा हृदयाचं काही दुखणं असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारा. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खिशात दोन-चार खडीसाखरेचे खडे असू द्या.

आता सायकल कुठली घ्यावी? माझं मत विचाराल तर लगेच नवी घेऊच नका. घरात मुलाची, भावाची, कुणाची तरी सायकल धूळ खात पडलेली असते. ती ओव्हरहॉलिंगला टाका. चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस, ब्रेकची रबरं, ब्रेकच्या तारा आणि गरज पडली तर ट्यूब, एवढ्यात ती रस्त्यावर येते. तीन-चार महिने चालवल्यावर आपल्याला काय हवं ते आपलं आपल्याला कळतं आणि मग दुकानात गेलं तर पैसे वाया जात नाहीत. आडव्या दांडीची सायकल असेल तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहून बघा. दांडी आणि आपण यांत दोन-तीन बोटं तरी अंतर पाहिजे. बायकांनी चेनकव्हर असल्याशिवाय सायकल घेऊच नये. ओढणी चेनमध्ये गेली की सायकल जागच्या जागी अडते आणि आपण खाली येतो.

आता सीटबद्दल थोडं सावकाश बोलते, कारण माझे पहिले दोन प्रयत्न तिथेच बुडाले होते. पडायची भीती वाटायची म्हणून मी सीट अगदी खाली ठेवली होती, दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील इतकी. आठ दिवसांत गुडघ्याची वाटी पुढून ठणकायला लागली आणि आपलं वय झालं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. तिसऱ्या वेळी हवा भरायला दुकानात थांबले होते. मेकॅनिक वयस्कर. वडिलांच्या काळात त्यांचं दुकान गिरणीच्या वाटेवर होतं. मी टेकत टेकत उतरले, ते बघून म्हणाले, "ताई, सीट लई खाली हाय की ओ. गुडघे दुखणार नाही तर काय होणार?"

त्यांनी मला भिंतीला हात टेकवून सीटवर बसवलं. पायडल सगळ्यात खाली आणलं आणि टाच त्यावर ठेवायला सांगितलं. टाच टेकलेली असताना पाय सरळ व्हायला पाहिजे, हे त्यांचं माप. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो, तेवढाच हवा. माझी सीट चार बोटं वर गेली. खाली असलेल्या सीटवर गुडघा फार दुमडलेला राहतो आणि तशातच त्यावर जोर येतो, म्हणून वाटी दुखते. उलट सीट फार वर गेली तर गुडघ्याच्या मागच्या शिरा ताणतात आणि कंबर डावी-उजवीकडे हलायला लागते. उंच सीटवर थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय टेकायचा. पहिले दोन दिवस भीती वाटते. मोकळ्या मैदानात दहा वेळा करून बघा, जमतं.

ते हात पुसत सांगत होते की पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली असायच्या. ते ऐकताना मला माझे वडील आठवले. आमच्या शहरात 1877 मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. भोंगा झाला की गिरणगावातल्या गल्ल्या हलायच्या. वडिलांच्या सायकलच्या हँडलला डबा अडकवलेला असायचा, कॅरिअरवर मी. माझ्यासाठी सायकल हे आपल्या गावचं जुनं वाहन आहे, श्रोतेहो, आणि ते पुन्हा रस्त्यावर दिसावं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या आठवड्यात बसायची जागा दुखेल. घाबरू नका, दहा-पंधरा दिवसांत हाडांना सवय होते. जाडजूड मऊ कव्हर आणायची घाई नको. पायडल मारताना जोर लावून सावकाश मारण्यापेक्षा हलक्या गिअरवर भरभर मारा. शेजारी कुणी असेल तर त्याच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं तर वेग कमी करा.

सोलापूरच्या उन्हाचं मी काय सांगावं! एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत घरी या, निघताना पाणी पिऊन निघा आणि बाटली सोबत ठेवा. वाऱ्याकडे मात्र नव्या माणसाचं लक्ष जात नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून जोरात येतो. पुणे रोडकडे निघालात तर जाताना तो छातीवर बसतो, येताना ढकलत आणतो. जाताना ताजे असतो तेव्हाच समोरचा वारा घ्यावा. मी पहिल्यांदा उलटं केलं आणि परतीच्या वाटेवर मेटाकुटीला आले.

सकाळच्या वेळी कुत्र्यांची भीती सगळ्यांनाच असते. वेग वाढवून पळायचा मोह होतो, तो टाळा. पायडल थांबवा, हळू व्हा, गरज पडली तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जा. बहुतेक कुत्री पळणाऱ्याच्याच मागे लागतात. सात रस्त्यासारख्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर खुशाल उतरून चालत रस्ता ओलांडा, त्यात काहीच कमीपणा नाही. उभ्या मोटारींपासून हातभर लांबून जा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. हेल्मेट घाला. आणि मागे लाल दिवा लावाच. ऊस हंगामात पहाटे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, वर बसलेल्या माणसाला आपण दिसलो पाहिजे.

पंक्चरचं एक कारण इथल्या प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक असतं, ते म्हणजे सराटा. पाऊस सरता सरता मोकळ्या प्लॉटमध्ये जमिनीलगत पसरलेला वेल दिसेल, इवली पिवळी फुलं असलेला. त्याचं फळ वाळलं की कसंही पडलं तरी एक काटा वरच राहतो. म्हणून सायकल कच्च्यात घालू नका, लावूही नका. टायरमध्ये सराटा रुतलेला दिसला आणि हवा अजून असेल तर लगेच उपटायचा नाही, तोच भोक बुजवून असतो. तसंच दुकान गाठायचं. तिथे ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतात, कानशीनं घासतात, सोल्युशन लावून ठिगळ बसवतात. ठिगळ लावल्यावर टायरच्या आतून बोटं हळूच फिरवून घ्यायला सांगा. मोडलेलं टोक आत राहिलं तर दुसऱ्या दिवशी तिथेच पंक्चर.

तीन महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका रविवारी मी पहिल्यांदा लांब गेले. तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या एकरुख तलावावर. आमच्या घरून जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर. उजाडता उजाडता निघाले, हाताची बोटं गारठली होती. थंडीत वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, त्यामुळे जाताना दम निघाला. तलावाच्या बांधापाशी बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. पाण्यावर अजून धुकं होतं आणि पक्ष्यांचा नुसता कलकलाट चालला होता. परतताना वारा पाठीशी आला, शहर कधी लागलं कळलंच नाही. घरी चहा खोळंबला होता. वाटेत थांबून दुधाची पिशवी घेतली, हँडलला अडकवली आणि निघाले.

नमस्कार.