गडूतलं गोमुख

श्रोतेहो, नमस्कार.

काशीयात्रेहून आणलेला गंगेचा गडू तुमच्यापैकी अनेकांच्या देवघरात असेल. तांब्याचा, तोंडाला डाख देऊन बंद केलेला. लहानपणी आजोळी तो कानाशी धरून हलवायचा मला नाद होता. आजी ओरडायची, ते वेगळं.

गंगाजल थेट उगमातच भरलं तर ते किती नितळ असेल, असं आपल्याला वाटतं. पण जुलैत गोमुखाशी, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी, बाटली भरून बघा. राख कालवल्यासारखं राखाडी पाणी येतं.

खरं तर बर्फ अतिशय शुद्ध. आकाशातून पडलेल्या हिमात क्षार जवळजवळ नसतातच. बॅटरीत घालायच्या पाण्याच्या जवळपास जाणारं ते पाणी. पाण्यात भर पडते ती बर्फाच्या पोटाखाली. गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब आहे आणि ती सावकाश का होईना, सरकत असते. तिच्या तळाशी रुतलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात. जातंच म्हणा ना! या जात्यातून ग्रॅनाइट आणि नाइस खडकांचं पीठ पडतं : क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि उन्हात चमकणारं अभ्रक.

हे पीठ लवकर खाली बसत नाही. 2 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण साध्या पाण्यात 10 सेंटिमीटर खाली जायला सुमारे 8 तास घेतो. बर्फाइतक्या थंड पाण्याचा चिकटपणा जवळपास पावणेदोन पट, म्हणजे तिथे तो चौदा तास तरी तरंगत राहणार. पावसाळ्यात आपण हंड्यात तुरटी फिरवतो ती अशाच हट्टी कणांसाठी. तुरटीमुळे ते एकमेकांना चिकटून जड होतात.

आता रसायनाकडे वळू. मला यातला सर्वांत गमतीचा भाग हाच वाटतो. खडक मुख्यतः ग्रॅनाइटच्या जातीचा, तरी पाण्यात कॅल्शियम भरपूर. कारण खडकात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, नावापुरतंच असलं, तरी ते फेल्डस्पारच्या कितीतरी पट वेगानं विरघळतं. त्यातच पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं ते सोनेरी खनिज, दळून उघडं पडतं. पाणी आणि प्राणवायू मिळाला की त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. शहाबादी फरशीवर चुकून ॲसिड सांडलं की ती फसफसते आणि पांढरा डाग पडतो, तेच इथे बर्फाच्या अंधारात चालू असतं. म्हणून गोमुखाच्या पाण्यात कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेट आणि सल्फेट ठळकपणे सापडतात.

पण हे प्रमाण दिवसभर सारखं नसतं. दुपारच्या उन्हानं वितळलेलं पाणी भेगांमधून आणि बोगद्यांमधून गोमुखाशी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तेव्हा प्रवाह जोरात, गाळ जास्त, क्षार मात्र पातळ झालेले. सकाळी प्रवाह रोडावतो. ते पाणी खडकाशी जास्त वेळ रेंगाळलेलं, म्हणून क्षारांनी दाट. जागा तीच, पण सकाळ-संध्याकाळचं पाणी निराळं. नमुना किती वाजता घेतला हे लिहिलं नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही, असं माझं मत.

या पिठाचा त्रास वीजवाल्यांना विचारा. क्वार्ट्‌झ टर्बाइनच्या पोलादापेक्षा कठीण, ते पाती घासून काढतं. सतलजवरच्या 1500 मेगावॉटच्या नाथपा झाकरी प्रकल्पात गाळ बसवण्यासाठी डोंगराच्या पोटात प्रचंड दालनं खोदली आहेत. तरीही पुरात गाळ फार वाढला की संच बंद ठेवावे लागतात. अर्थात तो सगळा गाळ हिमनद्यांचा नसतो, दरडींचाही असतो.

गोमुखातून निघणाऱ्या भागीरथीचा बराचसा गाळ आता टिहरीच्या जलाशयात थांबतो. विरघळलेलं कॅल्शियम आणि सल्फेट मात्र धरणाच्या भिंतीला अडत नाही. देवप्रयागला ते अलकनंदेच्या पाण्यात मिसळतं, हरिद्वारला येतं आणि तिथे भरलेल्या गडूतही शिरतं. कानाशी धरून कितीही हलवला, तरी त्याचा आवाज येत नाही, इतकंच.