कॅमेरा आणि कोर्टाची पायरी

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, संतापलेले रहिवासी रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले आयुष्य संपवले. मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरच्या ‘हमारा शहर’ या १९८५ सालच्या माहितीपटात ज्यांचे गाणे आहे, तेच हे घोगरे. तो माहितीपट करणारे आनंद पटवर्धन पुढची १४ वर्षे वस्त्यावस्त्यांतून शाहिरी, सभा, मोर्चे आणि या गोळीबाराचा खटला टिपत राहिले, आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. एका शाहिराच्या मृत्यूचा माग काढण्यासाठी दिलेली ही वर्षे हेच त्यांच्या कामाचे खरे मोल आहे, असे आम्हाला वाटते.

१९५० साली मुंबईत जन्मलेल्या पटवर्धनांनी पहिला महत्त्वाचा माहितीपट केला तो जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनावर. आणीबाणीत तो उघडपणे दाखवणे शक्य नव्हते, म्हणून त्याची प्रत गुपचूप परदेशी नेण्यात आली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पटवर्धनांना मात्र आपले काम लोकांपर्यंत पोचवण्यासाठी ती वारंवार चढावी लागली. अयोध्येच्या वादाचा शोध घेणाऱ्या ‘राम के नाम’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनने तो दाखवावा यासाठी न्यायालयात जावे लागले. रामजन्मभूमी मंदिराचे न्यायालयनियुक्त पुजारी लालदास त्यात निर्भयपणे द्वेषाच्या राजकारणाविरुद्ध बोलतात. १९९३ साली त्यांची हत्या झाली, आणि त्यांचे ते शब्द आज याच चित्रफितीत जपले गेले आहेत. अणुचाचण्यांनंतरच्या युद्धज्वरावर केलेल्या ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉर बोर्डाने २१ काटछाटी सुचवल्या. पटवर्धनांनी एकही मान्य केली नाही, आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो अखंड स्वरूपात प्रदर्शित होऊ शकला.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या हत्यांपासून सुरू होणाऱ्या ‘विवेक’ला २०१८ साली ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी केरळमधील माहितीपट महोत्सवात तो दाखवण्यास केंद्र सरकारने सूट दिली नाही, आणि तिथल्या प्रेक्षकांसमोर तो आला तोही उच्च न्यायालयाच्या परवानगीनेच.