सीमेवरच्या गावातला ताप: तपासणी त्याच दिवशी का?

नमस्कार. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची. गडचिरोलीच्या या तालुक्यांना छत्तीसगड लागून आहे. सोयरीक पलीकडे, बाजार पलीकडे, कामही पलीकडे. डास चावल्यावर फाल्सिपेरमचा, म्हणजे मलेरियाच्या गंभीर प्रकाराचा, ताप यायला साधारण ९ ते १४ दिवस लागतात. त्यामुळे लागण तिकडे होते आणि माणूस फणफणतो इकडे घरी.

पण इथे आपल्या हातात एक संधी असते. फाल्सिपेरममध्ये डासाला लागण देणारी अवस्था रक्तात यायला ताप सुरू झाल्यावर आठवडा-दहा दिवस जातात. पहिल्याच दिवशी औषध सुरू झालं, तर त्या माणसाकडून गावात मलेरिया पसरण्याची शक्यता खूपच कमी होते. म्हणून ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. ताप आला की आशाताईंकडे जा.

(मलेरिया तपासणीची किट दाखवत) बोटातून रक्ताचा थेंब, मग बफर, म्हणजे किटसोबतचं द्रावण, आणि किटवर लिहिलेली वेळ, बहुतेक १५ ते २० मिनिटं, थांबायचं. कंट्रोलची रेघ, म्हणजे किट नीट चालल्याची खूण, उमटलीच नाही, तर किट बाद, नवीन घ्या. आणखी एक घोळ नेहमी होतो: औषध पूर्ण झाल्यावरही किट काही आठवडे फाल्सिपेरम दाखवू शकते, कारण जंतू मेले तरी त्याचं प्रथिन रक्तात उरतं. तेवढ्यावरून पुन्हा डोस घेऊ नका. रक्ताची काचपट्टी तपासून घ्या.

व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, गोळ्या फळीवर पडून राहतात, आणि यकृतात दबा धरून बसलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी द्यायची नाही. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली तर त्या थांबवून लगेच दवाखाना गाठा.

औषधी मच्छरदाणी शेतातल्या मांडवावर झोपायला जातानाही न्या. हे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात. कडा अंथरुणाखाली खोचा. धुतली की सावलीत वाळवा, उन्हात औषध लवकर उतरतं. घरात फवारणी झाली असेल तर पुढचे अडीच-तीन महिने भिंती सारवू नका, औषध मातीखाली जातं आणि डास निवांत बसतो.

झटके, बरळणं, गुंगी, सतत उलट्या: यातलं काहीही दिसलं तर किटच्या निकालासाठीही थांबू नका. थेट रुग्णालयात न्या.